फळीवर डकवलेली नोटीस

बंदसाहेबांच्या डाव्या हाताची करंगळी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. ती एका गोदामाच्या दारात चिरडली गेली होती, आणि ते दार काही वाऱ्यानं लागलं नव्हतं. उजव्या भुवईवरची खूण विटेच्या तुकड्याची होती. कॉलरच्या आत, मानेमागे एक पांढरट चट्टा होता, तो कुणीतरी दुसऱ्या मजल्यावरून ओतलेल्या चुन्याचा. पोटरीवर कुत्र्याचे चार दात उमटले होते. कुत्रं आपणहून आलं नव्हतं, सोडलं होतं. त्यांची बायको म्हणायची, "नोटिशी डकवायला भिंती कशाला शोधत फिरता? लोक तुमच्याच अंगावर उत्तरं डकवून पाठवतायत की."

नगरपालिकेत ते बांधकाम निरीक्षक होते, या गोष्टीच्या वेळी एकतीस वर्षं झालेली. परवानगी सोडून चाललेलं काम दिसलं की ते बंद करायचं, हे त्यांचं काम. म्हणून नाव पडलं बंदसाहेब. अंगानं काडी, आवाज इतका मऊ की समोरच्याला आधी वाटे, हा पत्ता विचारायला आलाय. मग पिशवीतून नोटिशींचं पुस्तक बाहेर येई आणि समोरच्याच्या अंगाचा तिळपापड होई.

नोटीस लिहायची त्यांची पद्धत ठरलेली होती. कार्बन घालून तीन प्रती. पहिली दर्शनी भागावर डकवायची, दुसरी मालकाच्या हातात, तिसरी पुस्तकात. पुस्तकावर दोन पंचांच्या सह्या. पहिली प्रत ते ओली झाली की गडद जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीनं लिहीत, कारण पावसानं शाई धुऊन जाते, ही पेन्सिल उलट पाण्यानं पक्की होते. संध्याकाळी कार्यालयात परतल्यावर पुस्तकावरून रजिस्टरात नोंद व्हायची. एकतीस वर्षांत एकाही दिवशी पुस्तक परत आलं नाही असं झालं नव्हतं.

बरोबर शिपाईकाका असत. त्यांच्या हातात खळीचा डबा आणि ब्रश. खळ ते रोज सकाळी स्वतः घरी शिजवत आणि तिचा त्यांना फार अभिमान. "माझ्या खळीनं लावलेला कागद काढायचा तर भिंत काढावी लागते," असं ते सांगत. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते दिवस ते मोठ्यानं मोजत.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी, सव्वादहाला, दोघं बस डेपोसमोरच्या एका इमारतीवर गेले. परवानगी दोन मजल्यांची होती. दोन उभे होते, आणि त्यावर तिसऱ्याच्या छताची तयारी चालली होती, त्याला टेकू द्यायच्या बल्ल्या रोवल्या होत्या. बंदसाहेबांनी तळमजल्याच्या खांबाला टेप लावला. नकाशात पंधरा इंच. टेप नऊवर थांबला. दुसरा खांब, नऊ. तिसऱ्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक चीर होती. त्यांनी तिच्यात नख घातलं. नख पूर्ण आत गेलं.

"काका, डबा उघडा," ते म्हणाले.

तळमजल्यावरच एका खांबाला खिळा ठोकून हातभर दोरीला छोटा गोल आरसा टांगलेला होता. त्यात बघून एक बाई तोंडावरचं सिमेंट पुसत होती. ती सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-बल्ल्या बसवणाऱ्या मिस्त्रीची बायको. तिनं साहेबांना तांब्याभर पाणी दिलं आणि ते लिहीत असताना मान वाकडी करून बघत राहिली.

"काय लिहिताय एवढं?"

"काम थांबवायला सांगतोय, बाई."

"मग आम्ही कुठं जायचं?"

"दुसऱ्या कामावर."

"तिथंही तुम्हीच याल पुस्तक घेऊन," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मिस्त्री फळ्यांना खिळे मारत होता. तो हसला नाही. पंच म्हणून सही करा म्हटल्यावर तो म्हणाला, "सही येते मला. पण मला यात गुंतवू नका." शेवटी नाक्यावरचा चहावाला आणि एक हातगाडीवाला यांनी सह्या केल्या.

आता कागद डकवायचा. भिंतींवर नुकतंच पाणी मारलेलं, खांबांवर वाळूचा थर. दारातच प्लायच्या स्वच्छ फळ्यांची चळत उभी होती, सगळ्यात पुढची तर टेबलासारखी गुळगुळीत. रस्त्यावरून येणाऱ्याला ती आधी दिसे.

"साहेब, फळीवर नको," शिपाईकाका म्हणाले. "फळीचं काय, आज इथं, उद्या तिथं. मी खांब झाडतो, दोन मिनिटं द्या."

"दोन मिनिटं नाहीत, काका." बंदसाहेबांनी रस्त्याकडे पाहिलं होतं. एक जीप वळत होती. "लावा फळीवर. दर्शनी भाग म्हणजे दर्शनी भाग."

काकांनी खळ फासली, कागद दाबला, तळहातानं चारी कोपरे घासले. जीप थांबली.

कंत्राटदाराला सगळे पैलवान म्हणत. तरुणपणी तो खरोखरच कुस्त्या खेळला होता. कान त्यात चुरगळले होते आणि अजूनही माणसाशी बोलताना तो एक पाय किंचित मागे ठेवून उभा राही. बरोबर चौघे होते. त्यानं मालकाची प्रत घेतली, वाचली नाही, चुरगळून काँक्रीटच्या फिरत्या मिक्सरमध्ये फेकली आणि त्याच हातानं बंदसाहेबांना कॉलरला धरून उचललं.

"पुस्तक दे."

"ते सरकारी पुस्तक आहे," बंदसाहेब म्हणाले. त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं. एकानं शिपाईकाकांच्या पोटात गुडघा घातला. काका खळीच्या डब्यावर पडले. पैलवाननं पुस्तक हिसकलं आणि तेही मिक्सरमध्ये टाकलं. खडी, वाळू, सिमेंट आणि एकतीस वर्षांची शिस्त यांचा एकच आवाज येऊ लागला. मग त्यानं बंदसाहेबांचं डोकं मानेला धरून मिक्सरच्या तोंडाशी नेलं. चष्मा आत गेला. ओलं सिमेंट डोळ्यांत, नाकात उडत होतं.

"वाच आता. मोठ्यानं वाच तुझी नोटीस!"

मिस्त्रीची बायको ओरडली, "अहो, मरतील ते!" तेव्हा पैलवाननं त्यांना सोडलं, आणि पडल्यावर बरगडीत तीन लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला आत काहीतरी तुटलं. बंदसाहेबांनी ते आधी ऐकलं, मग त्यांना दुखलं. जमिनीवर गाल टेकून पडले असताना त्यांना दिसलं की एकजण फळीवरचा कागद फाडतोय. खळ पक्की होती. नुसता वरचा उजवा कोपरा हातात आला.

"सोड रे," पैलवान म्हणाला. "फळी आहे ती."

हे शेवटचं वाक्य बंदसाहेबांना इस्पितळात, पट्ट्यांत गुंडाळलेले असताना, पुन्हा ऐकू आलं आणि तेव्हा कळलं. फळीवर नको, असं पंचवीस वर्षं बरोबर असलेल्या काकांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं.

नगरपालिकेचे मोठे साहेब इस्पितळात आले, तेव्हा बंदसाहेबांनी लगेच दुसरी नोटीस पाठवायला सांगितलं. "बरे व्हा आधी. नोटीस तर दिली आहेच ना तुम्ही? मग दुसरी कशाला?" पोलिसांना चहावाल्यानं सांगितलं, मी त्या दिवशी गाडी लावलीच नव्हती. हातगाडीवाला सापडलाच नाही. निरीक्षक वाळूवर पाय घसरून पडला, अशी नोंद झाली. बंदसाहेब सहा दिवस तिथं पडून राहिले. सातव्या दिवशी, रविवारी, बस डेपोसमोर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला. म्हणजे ओतून झाला. त्यांच्या धंद्यात ओतण्यालाच पडणं म्हणतात. खरोखरचा पडला तो बुधवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी.

आवाज कार्यालयापर्यंत आला. बंदसाहेब त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आले होते, छातीला पट्टा. ते धावू शकत नव्हते, तरी धावले. इमारतीचा पुढचा अर्धा भाग नव्हता. खांब मोडून वाकले होते, सळया बाहेर आल्या होत्या आणि एका सळईवर कुणाचा तरी सदरा अडकला होता. सदऱ्यात माणूस होता. मागचा अर्धा स्लॅब बल्ल्यांवर तसाच लोंबत होता. ढिगाऱ्यातून एक रबरी नळी बाहेर आली होती, आणि तिच्यातून पाणी चालूच होतं. नव्या स्लॅबवर पाणी मारत होती ती मिस्त्रीची बायको. तिचा हात नळीवरच होता. पाणी ढिगाऱ्यातून वळून रस्त्यावर येईपर्यंत लाल होत होतं.

तीन माणसं गेली. मिस्त्री मागच्या बाजूला होता म्हणून वाचला. तो नखं निघेपर्यंत उकरत होता. लोकांनी त्याला मागे ओढलं तेव्हा त्याला बंदसाहेब दिसले. त्याच्या हातात थापी होती. त्यानं ती आडवी फिरवली. गाल जबड्यापर्यंत उघडला.

"का नाही थांबवलंस?" तो ओरडत होता. "का नाही थांबवलंस तू? तुझं काम होतं!"

त्याचं बघून गर्दीनं हात धुऊन घेतले. कुणी लाथ मारली, कुणी वीट. बंदसाहेबांनी हात वर केले नाहीत. त्यांना पोलिसांनी उचलून नेलं, वाचवण्यासाठी की पकडण्यासाठी हे तेव्हा पोलिसांचंही ठरलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी पैलवाननं सगळ्यांना सांगितलं: आम्हाला कुणी थांबा म्हणून सांगितलंच नाही. सांगितलं असेल तर कागद दाखवा. कागद नव्हता. रजिस्टरात नोंद नव्हती. मोठ्या साहेबांनी मूग गिळले. बंदसाहेब निलंबित झाले, आणि नोटीस दिल्याचा पुरावा पंधरा दिवसांत मिळाला नाही तर तीन माणसांच्या मृत्यूला जबाबदार म्हणून त्यांना अटक होणार, असं ठरलं. चौकशीला बाहेरून एक इंजिनिअर बाई नेमल्या गेल्या.

बंदसाहेबांच्या घराच्या तीन काचा फुटल्या. चौथ्या दगडानं लेकीचा तळहात फाटला. ती खिडकी लावायला गेली होती. दारावर डांबरानं लिहिलं होतं, खुनी. बायकोनं ते रॉकेलनं पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, तिनं पुन्हा पुसलं. आत पडलेला दगड तिनं उचलून वर्तमानपत्रांवर ठेवला. "वाऱ्यानं उडत होती, बरं झालं," ती म्हणाली. मग लेकीच्या हाताला पट्टी बांधता बांधता, वर न बघता तिनं विचारलं:

"अहो, मला एकदाच सांगा. नोटीस दिली होती की नव्हती?"

"दिली होती. फळीवर डकवली."

"फळीवर?" ती थांबली. "काकांनी नको म्हटलं नाही?"

"म्हटलं."

"धन्य आहे तुमची." पट्टीची गाठ तिनं जरा जास्तच आवळली, लेक कळवळली. "मग ती फळी कुठं गेली?"

बंदसाहेब तिच्याकडे बघत राहिले. गेले आठ दिवस ते कागद कुठं गेला हेच शोधत होते. फळी कुठं गेली हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. गुळगुळीत, नवी, मोठी फळी. अशी फळी कुठलाही मिस्त्री एकाच जागी वापरतो. छताला. आणि गुळगुळीत बाजू वर करून.

"वर गेली," ते हळूच म्हणाले. "स्लॅबखाली."

"पुढच्या भागात की मागच्या?" लेकीनं विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं.

इंजिनिअर बाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला तोडून. "मागचा भाग कधीही खाली येईल," त्या म्हणाल्या. "फळ्या काढायच्या म्हणजे बल्ल्या काढायच्या. कोण जाईल आत?"

"मी जातो."

"तुम्हाला फळ्या काढता येतात?"

"नाही."

तेव्हा मागून आवाज आला, "मला येतात." मिस्त्री होता. पंधरा दिवसांत त्याचं वय दुप्पट झालं होतं. त्यानं बंदसाहेबांच्या गालावरच्या टाक्यांकडे पाहिलं नाही. हातोडी उचलली आणि आत, मागच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेला. बंदसाहेब त्याच्या मागे गेले. शिपाईकाका बाहेर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "सात महिने राहिले होते माझे, फक्त सात!" आणि तेही आत गेले.

मिस्त्री एक बल्ली सैल करी, दुसरी आधाराला ठोकी, मग पहारीनं फळी सुटी करी. प्रत्येक फळी सुटताना वर करकर आवाज होई, आणि मानेवर धूळ पडे. पहिली. दुसरी. सहावीपर्यंत काही नव्हतं. कोरडं, करडं सिमेंट. पैलवान रस्त्यावर जीपला टेकून उभा होता, आणि हवालदाराला हसत काहीतरी सांगत होता.

सातवी फळी निघाली तेव्हा ती जड वाटली. तिच्यावर कागदाचा लगदा चिकटलेला होता, न वाचता येण्यासारखा. घाईत पैलवाननं फळ्यांना तेल लावू दिलं नव्हतं, म्हणून ती खरवडत सुटली. बंदसाहेबांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावर, ओल्या सिमेंटनं पिऊन घेतलेली, जांभळी, ठळक, उलटी अक्षरं होती. वरचा एक कोपरा नव्हता. खाली सहीचा फराटा.

बाई हवालदाराला घेऊन वर आल्या. "उलटं आहे. वाचता येत नाही."

बंदसाहेबांना येत होतं, पण त्यांनी वाचून उपयोग नव्हता. मिस्त्री खाली तळमजल्यावर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गोल आरसा होता, दोरीसकट. पुढच्या भागाचे सगळे खांब मोडले, पण आरशाचा खांब मागचा होता. त्यानं तो बाईंच्या हातात दिला. 

बाई आरशात बघून मोठ्यानं वाचू लागल्या. तारीख. सोमवार. वेळ, दहा वाजून पन्नास मिनिटं. खांब नऊ इंच. काम तत्काळ थांबवावे. हवालदार एक एक शब्द लिहून घेत होता.

तेवढ्यात पैलवान जिन्यानं वर घुसला. त्याला बाहेर ऐकू गेलं होतं. त्यानं मिस्त्रीची पहार उचलली आणि छताला घातली. सिमेंटचा पोपडा उडाला, अर्धी ओळ गेली. दुसऱ्या घावाला बाई भिंतीला जाऊन चिकटल्या. अख्खा स्लॅब कण्हल्यासारखा हलला. "खाली येईल!" शिपाईकाका किंचाळले. पैलवाननं पहार तिसऱ्यांदा मागे नेली आणि मिस्त्रीनं हातोडी मारली. छातीवर नाही, डोक्यावर नाही, मनगटावर. मग पहार पडली तरी पुन्हा त्याच मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज बंदसाहेबांना ओळखीचा होता. तिसऱ्यांदा हातोडी उचलली गेली ती डोक्याच्या दिशेनं, आणि ती बंदसाहेबांनी आडवा हात घालून आपल्या दंडावर घेतली.

"पुरे," ते म्हणाले. "थांबा."

त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी पहिल्या सांगण्याला थांबलं.

हवालदारानं पैलवानला फरफटत बाहेर नेलं. बाईंनी लिहून घेतलेला कागद तपासला. तारीख, वेळ, सही, सगळं उतरलं होतं. त्या बाहेर गेल्या. आत मिस्त्री आणि बंदसाहेब दोघंच उरले, आणि वर ती जांभळी अक्षरं.

"फळी मीच घातली," मिस्त्री म्हणाला. "नोटीस वाचली होती मी. पैलवानला म्हटलं, कागद आहे हिच्यावर. तो म्हणाला, कागद वर करून घाल, खालून कुणाला दिसणार नाही." त्यानं हातोडी खाली ठेवली. "ती विचारत होती, काय लिहिलंय. मी म्हटलं, काही नाही गं, कसलीतरी जाहिरात आहे."

 बंदसाहेबांचा दंड सुजत चालला होता.

संध्याकाळी बाईंनी जबाब घेतले. शेवटचा प्रश्न होता, नोटीस लावलेली फळी स्लॅबखाली कुणी बसवली? मिस्त्री समोरच बाकावर बसला होता, आरसा दोन्ही हातांत धरून, काच आतल्या बाजूला.

"मला माहीत नाही," बंदसाहेब म्हणाले. "एवढं लिहा की ती फळीवर लावायला नको होती. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खांबावर लावली असती तर रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिली असती. कुणी ना कुणी त्या बाईला वाचून दाखवली असती."

"हे लिहिलं तर तुमच्या सेवापुस्तकात ठपका जाईल," बाई म्हणाल्या.

"लिहा."

ठपका गेला. अटक टळली, निलंबन उठलं. पैलवान सात वर्षं आत गेला. मिस्त्री आरसा घेऊन कुठंतरी निघून गेला, कुठं ते कुणालाच कळलं नाही. बंदसाहेब आणखी चार वर्षं नोटिशी देत राहिले, मार खात राहिले, आणि प्रत्येक कागद आधी खांब झाडून, पुसून, खांबावरच लावत राहिले. शिपाईकाका निवृत्त झाल्यावर खळही स्वतःच शिजवू लागले. खाली कागद वाचता न येणारं कुणी असेल तर त्याला तो वाचून दाखवत, अगदी जीप वळताना दिसली तरी.

अंगावरच्या खुणांची गोष्ट ते विचारणाऱ्याला बेधडक सांगत. ही गोदामाची, ही चुन्याची, ही कुत्र्याची. गालावरच्या लांब खुणेबद्दल विचारलं की मात्र म्हणत, "ती होय? पाय घसरला होता माझा." आणि त्यांची बायको, जी त्यांची एकही थाप सोडत नसे, ती त्या वेळी उठून आत जाई.